गाडीच्या बुडाचं मीठ धुताना या चुका टाळा

बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर टाकलेलं मीठ चाकांनी उडतं आणि थेट गाडीच्या बुडाला जाऊन बसतं. वरचा पांढरट थर डोळ्यांत खुपतो म्हणून बॉनेट, दारं लगेच धुतली जातात. गंज मात्र खाली लागतो: ब्रेकच्या पाइपना, दाराखालच्या पट्ट्याला, पत्र्यांच्या सांध्यांना.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे हिवाळा संपायची वाट बघणं. ‘आज धुतली तरी उद्या परत मीठच लागणार’ हे खरंच आहे, तरीही धुवावी. खारट पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळे लोखंड गंजण्याची प्रक्रिया झपाट्याने होते. त्यात अनेक ठिकाणी साध्या मिठाबरोबर कॅल्शियम किंवा मॅग्नेशियम क्लोराइडही टाकतात. हे क्षार हवेतली ओल शोषून घेतात, म्हणजे रस्ता कोरडा दिसला तरी पत्रा आतून ओलाच. मीठ पडतंय तोवर दहा-पंधरा दिवसांतून एकदा तरी खालून पाणी मारा.

पण कडाक्याच्या थंडीत नको. पारा शून्याच्या चार-पाच अंश वर असेल अशी दुपार गाठा, नाहीतर दारांची रबरं आणि कुलपं गोठून बसतील. धुतल्यावर हलके ब्रेक दाबत गाडी थोडी फिरवून आणा, मगच हँडब्रेक ओढा.

मिठाने माखलेली गाडी उबदार गॅरेजमध्ये लावणं हीसुद्धा चूकच. बर्फ वितळतो, मीठ ओलं होतं आणि उबेत गंज जोर धरतो. न धुतलेली गाडी बाहेर गारठ्यात उभी राहिलेली बरी!

आता प्रेशर वॉशर. जोर जास्त तेवढी सफाई चांगली, हा समज सोडा. नोझल अगदी जवळ धरलं तर पाणी बेअरिंगच्या सीलमध्ये आणि वायरिंगच्या कनेक्टरमध्ये घुसतं. हातभर अंतर ठेवा. इलेक्ट्रिक गाडीत नारिंगी (म्हणजे उच्च दाबाची वीज वाहणाऱ्या) केबलच्या जोडण्यांवर तर झोत मारूच नका. माझ्या मते साधी नळी आणि भरपूर पाणी यानेच निम्म्याहून जास्त काम होतं. बागेतला स्प्रिंकलर गाडीखाली ठेवून जागा बदलत राहिलात तरी चालतं. गरम पाण्याचाही फार आग्रह नको. 100 मिली पाण्यात 20 अंशांना सुमारे 36 ग्रॅम मीठ विरघळतं, उकळत्या पाण्यात सुमारे 39, म्हणजे फरक किरकोळच. कोमट पाण्याचा उपयोग चिकटलेला बर्फ आणि चिखल सोडवायला.

हा चिखलच खरा चोर. चाकावरच्या कमानीत, प्लास्टिकच्या अस्तराच्या काठामागे बोटं घालून बघा. खारट चिखलाचा घट्ट गोळा हाताला लागेल. कार वॉशमधले खालून येणारे फवारे तिथे नीट पोचत नाहीत. शिवाय काही ठिकाणी तेच पाणी फिरवून वापरतात, तेव्हा शेवटचं पाणी ताजं असतं का, हे विचारून घ्या.

धुऊन वाळल्यावर पांढरे ओघळ परत दिसले, तर सांध्यांत मीठ उरलंय. तिथेच पुन्हा सावकाश पाणी सोडा. दार हलवल्यावर आत पाणी खळखळलं, तर खालची निचऱ्याची भोकं बुजली आहेत. प्लास्टिकच्या पट्टीने ती मोकळी करा, खिळा नको, रंग खरवडतो.

गंजावर थेट रबरी अंडरकोटिंग (बुडाला द्यायचा संरक्षक थर) मारू नका. ओल आत कोंडते आणि पत्रा झाकल्या झाकल्या कुजतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली तर अजिबात शिरू नका, स्टँड लावा.

खाली बघताना ब्रेकच्या पाइपवर खपल्या दिसल्या किंवा दाराखालचा पट्टा अंगठ्याने दाबून आत गेला, तर धुणं बाजूला ठेवा आणि आधी मेकॅनिककडे जा.