जळगाव-धुळ्यात राहून ट्रेडमार्क आणि डोमेनची वकिली कशी उभी करायची

सनद मिळाल्यावर या कामासाठी मुंबई गाठायलाच हवी असं नाही. ट्रेडमार्कचे अर्ज ऑनलाइन भरतात. वकिलाला वेगळी एजंटची परीक्षा नसते. अशिलाच्या सहीचं अधिकारपत्र पुरतं. पेटंट एजंटच्या परीक्षेला मात्र विज्ञान किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते, म्हणून बी.ए. करून एलएलबी झालेल्यांनी ट्रेडमार्क, कॉपीराइट आणि डोमेन (वेबसाइटचा पत्ता) यांतच पाय रोवावेत.

सुरुवात नोंदणीच्या अर्जांपासून करा. अर्जात मालाचा ठरलेला वर्ग लिहावा लागतो: ताजी केळी वर्ग ३१ मध्ये येतात, केळीचे वेफर्स २९ मध्ये, मसाले ३० मध्ये, सोन्याचे दागिने १४ मध्ये. वर्ग चुकला तर ज्या मालावर धंदा चालतो तोच नोंदणीबाहेर राहतो. ऑनलाइन फी दर वर्गाला व्यक्ती व लघुउद्योगाला ४,५०० रुपये, इतरांना ९,०००. ‘खान्देशी ठेचा’ हे नाव मालाचं नुसतं वर्णन करतं, ते ट्रेडमार्क कायद्याच्या कलम ९ खाली अडकणार हे अशिलाला फी भरण्याआधी सांगा. जळगाव केळी आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ साली मिळालेलं भौगोलिक मानांकन कुणा एकाच्या मालकीचं नाही. तिथे शेतकऱ्याचं नाव अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदवून घ्यायचं, आणि हेही चांगलं काम आहे.

ट्रेडमार्क कार्यालयाच्या तपासणी अहवालाला उत्तर ३० दिवसांत द्यायचं. कुणी विरोध केला तर प्रतिनिवेदन, म्हणजे विरोधाला लेखी उत्तर, नोटीस मिळाल्यापासून दोन महिन्यांत. ते चुकलं की अर्ज सोडून दिला असं धरतात. जुनी फाइल हाती घेताना अर्जात ईमेल कुणाचा आहे ते पहिलं पाहा. अर्ज भरून देणाऱ्या सायबर कॅफेचा ईमेल असेल, तर नोटीस तिथेच पडून राहते आणि मुदत संपते.

इंटरनेटवरच्या वादात आधी पुरावा गोळा करा, नोटीस नंतर. नोटीस गेली की नकली साइट रातोरात गायब होते. पानाचा पूर्ण पत्ता आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट घ्या, तिथून नकली मालाचं एक पाकीट मागवा, बिल आणि कुरिअरचं लेबल जपा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र दोन भागांत असतं: भाग ‘अ’ पुरावा सादर करणाऱ्याचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाचा. दोन्हींत फाइलची हॅश व्हॅल्यू (फाइल बदलली नाही हे दाखवणारा सांकेतिक आकडा) लागते, म्हणून ती त्याच दिवशी काढा.

डोमेन ‘डॉट इन’ असेल तर निक्सीच्या (‘डॉट इन’ नावं सांभाळणारी संस्था) धोरणाखालची लवादाची वाट. ‘डॉट कॉम’ असेल तर यूडीआरपी, म्हणजे अशा डोमेनचे वाद सोडवायचं आंतरराष्ट्रीय धोरण. वायपोकडे (जागतिक बौद्धिक संपदा संघटना) एका सदस्याच्या पॅनेलला पाच डोमेनपर्यंत १,५०० डॉलर लागतात. ‘डॉट कॉम’च्या बाबतीत नोंदणी आणि वापर दोन्ही बदहेतूने झाले हे दाखवावं लागतं, आणि तक्रारी इथेच पडतात. मिळतं ते फक्त डोमेन. नुकसानभरपाई हवी किंवा पाकिटावरची नक्कल थांबवायची, तर दावा.

हा दावा जिल्हा न्यायालयाच्या खालच्या कोर्टात चालत नाही. तीन लाख किंवा त्याहून जास्त मूल्याच्या व्यापारी दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची आहे. तातडीचा मनाई हुकूम मागितला तरच ती टळते. अशील सहा महिने गप्प बसला असेल तर तातडी नव्हतीच असं समोरचा म्हणू शकतो. नाव नोंदलेलं नसेल तर नोटिशीत उल्लंघन हा शब्द घालू नका, पासिंग ऑफ (आपला माल दुसऱ्याचा म्हणून खपवणं) म्हणा. बिनबुडाची धमकी दिली तर ट्रेडमार्क कायद्याच्या कलम १४२ खाली समोरचाच दावा लावू शकतो.