कुत्र्याचा इन्शुरन्स घेताय? आधी 'काय मिळणार नाही' ते पान वाचा

मागच्या पावसाळ्यात आमच्या राणीला टिक फिव्हर (गोचिडांमुळे होणारा ताप) झाला. साधी गावठी कुत्री, 4 वर्षांची, हिरड्या पांढऱ्याफटक पडल्या, प्लेटलेट्स खाली आल्या, मग चार दिवस रोज सलाईन, दोनदा ब्लड टेस्ट आणि पुढे 28 दिवस डॉक्सीसायक्लिन. ती वाचली, पण क्लेम नामंजूर झाला, कारण त्या पॉलिसीत ॲडमिट केलं तरच पैसे मिळणार होते आणि आम्ही सलाईन संपलं की तिला संध्याकाळी घरी आणायचो.

म्हणून सांगते, प्रीमियम नंतर बघा, आधी आपल्या कुत्र्याला काय होऊ शकतं त्याचा विचार करा. पिल्लू असेल तर पार्व्हो म्हणजे उलट्या-जुलाबांचा जीवघेणा आजार, आपल्याकडे गोचिडांमुळे टिक फिव्हर, नसबंदी न केलेली मादी असेल तर पायोमेट्रा म्हणजे गर्भाशयात पू होणं, लॅब किंवा जर्मन शेफर्ड असेल तर खुब्याचं दुखणं. आता जाहिरातीचं पान नाही तर पॉलिसी वर्डिंगची पीडीएफ उघडा आणि हे एकेक नाव शोधा, कव्हरमध्ये आहे का एक्सक्लूजनमध्ये, म्हणजे 'मिळणार नाही'च्या यादीत, आणि ओपीडी मिळते का हे तर नक्कीच बघा, कारण कुत्र्यांची बरीचशी ट्रीटमेंट ॲडमिट न करताच होते.

दुसरी गोष्ट, कुत्र्यांच्या काही पॉलिसी मुख्यतः मृत्यूची भरपाई देणाऱ्या असतात, आजारपणाचा खर्च त्यात वेगळा घ्यावा लागतो. आणि ती भरपाई कुत्र्याच्या बाजारभावावर ठरत असेल तर गावठी कुत्र्याच्या घरी तिचा काय उपयोग? आपल्याला औषधपाण्याचं कव्हर हवंय, तेच विचारा.

वेटिंग पीरियड असतो, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर सुरुवातीचे काही दिवस आजाराचा क्लेम मिळत नाही, त्यामुळे कुत्रं धडधाकट असतानाच घ्या, आजारी पडल्यावर घेतलं तर तो आजार आधीचा म्हणून बाजूला काढतात. वयाचीही वरची मर्यादा असते, मोठ्या जातींना ती आणखी कमी असू शकते. को-पेचं, म्हणजे बिलातला जो हिस्सा आपणच भरायचा त्याचं, गणित कागदावर मांडा: 20 हजारांचं बिल आणि 20 टक्के को-पे म्हणजे 4 हजार तुमचे, वर एखाद्या आजाराला वेगळी लिमिट असेल तर आणखी. कुत्रं म्हातारं असेल तर मला वाटतं दर महिन्याला आरडी केलेली बरी.

आता व्हॅक्सिन कार्ड. ते नुसतं असून चालत नाही. प्रत्येक लसीसमोर बाटलीवरचं स्टिकर चिकटवलेलं हवं, बॅच नंबर वाचता यायला हवा, तारीख, डॉक्टरांची सही आणि शिक्का हवा. आमच्या कार्डवर एका रेबीजच्या लसीसमोर फक्त तारीख होती, ती मी दुसऱ्याच दिवशी जाऊन पूर्ण करून घेतली. लस चुकली असेल तर ज्या आजाराची ती लस त्याचा क्लेम सहसा मिळत नाही. कार्डाचा फोटो, कुत्र्याचे दोन्ही बाजूंनी फोटो, मायक्रोचिप असेल तर तिचा नंबर, महापालिकेचं लायसन्स, सगळं मोबाईलमध्ये एका फोल्डरमध्ये ठेवा. बिलं पक्की घ्या, त्यावर कुत्र्याचं नाव लिहून घ्या.

क्लेम चुकीचा नाकारला असं वाटलं तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा, महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे जा, मुंबईत आणि पुण्यात दोन्हीकडे ऑफिस आहे, फी लागत नाही, वकीलही लागत नाही.