भरतीच्या तक्त्यानुसार आखलेला प्रवास: मोटरहोम, किनाऱ्यावरची पदभ्रमंती आणि मुक्काम

मोटरहोम घेऊन किनाऱ्यावर पदभ्रमंतीला निघणाऱ्यांचे नियोजन बहुधा नकाशापासून सुरू होते. ते भरती-ओहोटीच्या तक्त्यापासून सुरू व्हावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. खडकांखालची वाट केव्हा मोकळी असेल, परतायला किती अवधी हाती आहे आणि रात्री गाडी कुठपर्यंत नेणे सुरक्षित आहे, हे तिन्ही त्या तक्त्यावरून ठरते.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती येते. दोन भरत्यांमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचे अंतर असल्याने भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे आज सकाळी आठ वाजता कोरडी असलेली वाट आठवड्याने त्याच वेळी पाण्याखाली असू शकते. अमावास्या आणि पौर्णिमेच्या सुमारास उधाण असते, तेव्हा पाणी अधिक वर चढते आणि अधिक आतही ओसरते. अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा हा फरक कमी होतो. कॅनडातील फंडीच्या उपसागरात भरती आणि ओहोटीच्या पातळीतील फरक १६ मीटरपर्यंत जातो, तर भूमध्य समुद्रात तो बहुतेक ठिकाणी अर्धा मीटरही नसतो. त्यामुळे एका किनाऱ्यावरचा अनुभव दुसऱ्या किनाऱ्यावर उपयोगी पडेलच असे नाही, आणि तक्ता जिथे चालायचे आहे तिथल्या जवळच्या ठिकाणाचाच पाहावा लागतो.

पाणी चढते तेही एकसारख्या वेगाने नाही. भरतीच्या साधारण सहा तासांपैकी पहिल्या तासात एकूण चढाचा जेमतेम बारावा हिस्सा भरतो, पण तिसऱ्या आणि चौथ्या तासांत मिळून निम्मा भरतो. सुरुवातीच्या या संथपणामुळेच माणसे फसतात. सकाळी घोट्याएवढ्या पाण्यातून ओलांडलेला एक ओढा परतताना मांडीपर्यंत भरलेला पाहून मला चार किलोमीटरचा वळसा घेऊन पूल गाठावा लागला होता. तेव्हापासून, कड्याच्या पायथ्याने किंवा ओढ्याच्या मुखातून जायचे असेल तर पूर्ण ओहोटीच्या दोन तास आधी निघायचे आणि ओहोटीची वेळ होताच परतीला लागायचे, हा नियम मी पाळतो.

चालण्याच्या वेळेचा अंदाज बांधताना किलोमीटर मोजणे पुरेसे नसते. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये मांडलेला ठोकताळा आजही उपयोगी पडतो: दर ५ किलोमीटरला एक तास, आणि शिवाय दर ६०० मीटर चढाईला आणखी एक तास. किनाऱ्यावरची वाट प्रत्येक खाडीशी उतरते आणि पुन्हा चढते, त्यामुळे एकही उंच डोंगर नसताना दिवसभराची एकूण चढाई मोठी होते. मऊ, कोरड्या वाळूत तर कठीण जमिनीच्या दुपटीहून अधिक ऊर्जा खर्च होते. शक्य तिथे पाण्याच्या कडेच्या घट्ट वाळूवरून चालावे. कड्याच्या टोकावर उभे राहू नये, कारण खालून लाटांनी पोखरलेली माती वरून दिसत नाही. तसेच पाऊस पडून गेल्यावर कड्याच्या सावलीत जेवायला बसू नये.

मोटरहोमची खरी अडचण ही की, चालून झाल्यावर गाडीपाशीच परतावे लागते. त्या मार्गावर बससेवा असेल तर सकाळी बसने दूरच्या टोकाला जावे आणि तिथून गाडीच्या दिशेने चालत यावे; मग संध्याकाळी शेवटची बस गाठण्याची घाई राहत नाही. कुठे जात आहोत आणि केव्हा परतणार, हे घरच्या कुणाला तरी कळवून ठेवावे. तशी चिठ्ठी गाडीच्या काचेवर मात्र लावू नये. ती चोरालाही वाचता येते.

गाडी उभी करताना पुळणीवर नेण्याचा मोह टाळावा. सामानासह तीन टनांच्या घरात वजन असलेली गाडी एकदा रुतली की भरती येण्याआधी ती निघेलच याची खात्री नसते. जमिनीबद्दल शंका असेल तर उतरून टाचेने जोर द्यावा: खळगा पडून त्यात पाणी झिरपू लागले, तर तिथून पुढे जाऊ नये. शेवाळ, शिंपले आणि काटक्यांची जी ओळ वाळूवर पडलेली असते, ती अलीकडच्या भरतीची खूण होय. उधाणाच्या दिवसांत पाणी तिच्याही वर येते. मुक्कामासाठी परवानगी असलेलीच जागा निवडावी, गाडीचे तोंड वाऱ्याकडे करावे आणि झोपण्यापूर्वी तसेच भटकंतीला निघण्यापूर्वी बाजूचे छत गुंडाळून ठेवावे, कारण रात्रीतून वारा दिशा बदलतो.

गॅसबाबत तडजोड नको. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने गळती झाली की तो खाली साचतो, आणि त्याला बाहेर जाता यावे म्हणूनच जमिनीलगत झरोके असतात. पायपुसणे किंवा साचलेली वाळू यांनी ते बुजू देऊ नयेत. धुमसते निखारे कितीही थंडी असली तरी आत घेऊ नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, म्हणून त्याचा इशारा देणारे यंत्र गाडीत असायलाच हवे.

शौचालयाची टाकी नेमून दिलेल्या जागीच रिकामी करावी आणि भांड्यांचे पाणीही वाळूच्या टेकड्यांवर ओतू नये. त्या टेकड्या गवताच्या मुळांनी धरून ठेवलेल्या असतात, म्हणून त्यांवर तंबू ठोकणे किंवा त्यांतून नवी वाट पाडणेही टाळावे.

किनारा सोडल्यावर पहिल्याच संधीला गाडीची खालची बाजू, पायरीचे सांधे आणि दारांच्या बिजागऱ्या गोड्या पाण्याने धुवाव्यात. खारा थर राहिला, तर गंज आधी याच ठिकाणी धरतो.