जुनी शिलाई मशीन आणून पायावर नाहीतर हँडलवर चालवायची असेल तर

आधी एक सांगते, जुनी मशीन बघायला गेलात की सोनेरी नक्षीकडे बघूच नका, थेट उजव्या बाजूला जा जिथे चाक असतं. मशीन पायावर चालणार, हातावर चालणार का कशावरच नाही हे तिथेच कळतं, आणि बहुतेक लोक ते सोडून नक्षी किती शाबूत आहे यावर भाव करत बसतात.

चाकाला पट्ट्यासाठी खोल खाच आहे का बघा, असेल तर पायमशीन होऊ शकते. मग चाकाला आऱ्या आहेत का बघा, म्हणजे चाक भरीव नसून मधे मोकळं आहे का, कारण हँडलला जे बोट असतं ते दोन आऱ्यांच्या मधे अडकून चाक फिरवतं. भरीव असेल तर चाक बदलावं लागतं, होतं ते पण. तिसरं म्हणजे चाकाच्या अलीकडे मशीनच्या खांबाला मागून एक जाड उंचवटा असतो, त्यात स्क्रूचं भोक असतं, मोटर तिथेच लागते आणि हँडल पण तिथेच. अगदी जुन्या, फक्त पायावर चालवायला बनवलेल्या काही मशीनना हा उंचवटाच नसतो, त्यांना हँडल लावायच्या भानगडीत पडू नका, पायावरच ठेवा.

मोटरवाली असेल तर मोटर बाहेर लटकतेय का आणि चाकापर्यंत छोटा पट्टा जातोय का ते बघायचं. सिंगर कंपनीच्या पंधरा नंबरच्या मॉडेलचंच उदाहरण घ्या, १५-८८ ही पायाची, १५-९० ला बाहेरची मोटर आणि १५-९१ ला मोटर खांबाच्या मागे गिअरने जोडलेली, पट्टा दिसतच नाही. सिंगरच्याच २०१ नंबरमध्ये पण असंच, २०१-२ गिअरवाली. या गिअरवाल्या मशीन फार सुंदर चालतात पण त्या विजेवरच चालवायच्या, त्यांची मोडतोड करून पायावर आणण्यात काही अर्थ नाही. बाहेरच्या मोटरची मशीन मात्र खुशाल घ्या.

माझं स्पष्ट मत, पहिली मशीन पंधरा क्लासचीच, म्हणजे या पंधरा नंबरच्या नमुन्याचीच घ्या. आपल्याकडची काळी उषा, जी कोलकात्याच्या जय इंजिनिअरिंगने १९३० च्या दशकात काढली, आणि घरोघरी दिसणाऱ्या बाकीच्या बऱ्याचशा काळ्या मशीन याच घराण्यातल्या. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कंपन्यांनी पण हीच पंधरा कॉपी करून जगभर विकली. याचा आपल्याला फायदा असा की हिचे पार्ट अजून लुधियानाला बनतात आणि कोपऱ्यावरच्या मशीन रिपेअरवाल्याकडे मिळतात. बॉबिन, तिची डबी, ती धरणारं शटल, आऱ्यांचं चाक, हँडल, पट्टा, सगळं. सुई पण घरगुती मशीनची नेहमीचीच, एका बाजूने चपटी. हँडल तर आपल्याकडे दुकानात खोक्यात पडलेलं असतं. उलट निमुळत्या लांबट शटलची एखादी जुनी सिंगर, २७ किंवा २८, दिसायला कितीही गोड असली तरी तिचं शटल आणि लांब बॉबिन सोबत असेल तरच घ्या, नाहीतर ती शोपीस म्हणूनच राहणार. आणि ९९ नंबर ही पाऊण साइजची आहे, हँडलवर झकास पण नेहमीच्या पायमशीनच्या टेबलात ती बसत नाही, मोठ्या मशीनचा तळ साधारण साडेचौदा इंच बाय सात इंच असतो. टेप घेऊनच जा.

कुठे मिळतात? ठाण्यात सध्या सगळ्यात चांगला माल रिडेव्हलपमेंटमधून निघतो. नौपाड्यात, पाचपाखाडीत जुन्या बिल्डिंगा रिकाम्या होतायत, लोक भाड्याच्या घरात जाताना आजीची मशीन कुठे ठेवायची म्हणून वॉचमनला देऊन टाकतात नाहीतर भंगारात घालतात, त्यामुळे सोसायटीच्या ग्रुपवर आणि वॉचमनकाकांना सांगून ठेवा की मशीन निघाली तर आधी मला फोन करा. वाशी-नेरूळच्या जुन्या सिडको बिल्डिंगांत पण तेच चाललंय. शिळफाटा-महापे पट्ट्यात भंगारची गोदामं आहेत, तिथे लोखंडाचा भाव किलोवर लावतात आणि नक्षीचे वेगळे पैसे मागत नाहीत, पण मशीन एकावर एक रचलेल्या असतात त्यामुळे खालच्या मशीनचं काहीतरी तुटलेलं असण्याची शक्यता धरूनच चला. मुंबईच्या चोर बाजारात गेलात तर ते अँटिक म्हणून भाव सांगणार. आणि हल्ली स्टँड वेगळे महाग झालेत कारण कॅफेवाल्यांना त्याची टेबलं करायची असतात, कोणी तर त्यावर बेसिन बसवतात, काय बोलणार.

जाताना पिशवीत टॉर्च, मोठा आणि छोटा स्क्रू ड्रायव्हर, नवी सुई, भरलेली बॉबिन आणि जुन्या चादरीचा तुकडा घेऊन जा. चाक स्वतःकडे फिरवून बघा, नेहमी स्वतःकडेच. जड चालत असेल तर घाबरायचं कारण नाही, तेल सुकलेलं असतं. अजिबातच हलत नसेल तर आधी शटल बाहेर काढून तिथे दोऱ्याचा गुंता अडकलाय का बघा, बऱ्याचदा ‘जाम’ म्हणून भाव पाडलेल्या मशीनमध्ये एवढंच असतं (हे विकणाऱ्यासमोर बोलायचं नाही). तळाला मागच्या बाजूला बिजागरीची दोन भोकं असतात, तिथे बीड तडकलेलं असेल तर सोडून द्या. सुईखालचे कापड पुढे सरकवणारे दात झिजून गुळगुळीत झालेत का बोट फिरवून बघा. बॉबिनच्या वरची सरकपट्टी नसेल तर चालतं, मिळते. स्टँडचं मोठं चाक फिरवून बाजूने बघा, डुलत असेल तर पट्टा सारखा उतरणार. आणि उचलायला कोणीतरी बरोबर न्या, नुसतं मशीनचं डोकंच, म्हणजे स्टँडशिवायची वरची मशीन, दहा-बारा किलोच्या घरात जातं, स्टँड त्याहून जड. डोकं आणि स्टँड वेगळे करूनच आणा, बिजागरीचे दोन स्क्रू ढिले केले की डोकं उचलून निघतं.

घरी आल्यावर लगेच चालवायला बसू नका. काळ्या मशीनच्या नक्षीवर जुन्या काळी शेलॅकचा, म्हणजे लाखेच्या पॉलिशचा, हात दिलेला असतो आणि शेलॅक स्पिरिटमध्ये विरघळतं, म्हणजे सॅनिटायझर, थिनर, नेलपॉलिश रिमूव्हर यातलं काहीही लावलंत तर नक्षी फडक्यावर येणार. बाहेरून फक्त मशीनचं तेल आणि मऊ सुती फडकं, हळूहळू. आतल्या चिकट भागांना मात्र रॉकेल किंवा टर्पेंटाइन ब्रशने लावा, नक्षीवर ओघळू देऊ नका आणि गॅसच्या जवळ तर अजिबात नको, बाल्कनीत करा. आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या लोकांनी मशीनमध्ये खोबरेल तेल घातलंय, ते सुकून तपकिरी डिंक होतं आणि मशीन धरते. प्रत्येक भोकात, जिथे लोखंड लोखंडावर घासतं तिथे सगळीकडे, एक-दोन थेंब मशीन ऑइल टाका, रात्रभर ठेवा, सकाळी चाक पुढेमागे डोलवा, जोर लावायचा नाही, परत तेल टाका. हेअर ड्रायरने थोडी ऊब दिली की डिंक लवकर सुटतो. वास येत असलेलं काळं पाणी खाली गळायला लागलं की समजा काम होतंय, खाली वर्तमानपत्र घाला.

मोटर काढायची म्हणजे आधी प्लग काढा, हे सांगायची गरज नसावी पण सांगते. मोटर एकाच मोठ्या स्क्रूवर असते, तो काढला की मोटर पट्ट्यासकट सुटते. दिव्याची वायर पण काढून टाका, जुन्या वायरचं रबर हातात चुरा होतं. तो मोठा स्क्रू मात्र जपून ठेवा! सिंगरचे आटे तिचे स्वतःचे असतात, बाजारातला कुठलाही बोल्ट त्यात नीट जात नाही आणि जबरदस्तीने घातलात तर खांबातले आटे मरतात. हँडल त्याच जुन्या स्क्रूने बसवा. मोटर, स्क्रू, सगळं एका पिशवीत घालून ठेवा, उद्या कोणाला परत लावायची असेल तर लावता आली पाहिजे. रिपेअरवाले काका हसतात, ‘ताई, लोक पायाची मशीन मोटरवर करायला आणतात आणि तुम्ही उलटं काय करताय?’ हसू देत.

चाक बदलायचं असेल तर जुनं चाक दुकानात घेऊन जा, चाक ज्या दांड्यावर बसतं त्याचं माप जुळलं पाहिजे. चाकाच्या मधला गोल नट सोडवायच्या आधी त्यातला बारीक स्क्रू काढावा लागतो, नाहीतर नट फिरून फिरून अडतो. नटाच्या आत तीन कानांचा एक वायसर असतो, त्याचे आतले दोन छोटे कान किंचित बाहेर वळलेले असतात, काढायच्या आधी मोबाइलवर फोटो काढा. परत बसवल्यावर नट ढिला केला तर चाक नुसतं फिरलं पाहिजे आणि सुई थांबली पाहिजे, नट घट्ट केला की सुई चालली पाहिजे. तसं होत नसेल तर वायसर काढून अर्धा फिरवून घाला, बहुतेक वेळा तेवढंच असतं. नवं चाक कुठल्याच दुकानात जुळलं नाही तर ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये लेथवाले आहेत, जुनं चाक नमुन्याला दिलं की नव्या चाकाचं दांड्याचं भोक नेमक्या मापाने मोठं करून देतात.

हँडल बसवताना त्याचं बोट आऱ्यांच्या मधे सैल खटखटत नाही ना बघा, बोटाला चामड्याची किंवा रबराची टोपी असते, ती झिजली असेल तर नवी घाला, निम्मा आवाज जातो. हँडल एकदा फिरवलं की साधारण तीन टाके पडतात. मशीनला खाली लाकडी खोका लागतो, कारण शटल आणि दांडे तळाच्या खाली असतात, जवळच्या सुताराकडून करून घ्या आणि आतून हात जाईल एवढी जागा ठेवायला सांगा. हँडलवर उजवा हात अडकतो, कापड एकट्या डाव्या हाताने धरावं लागतं, त्यामुळे उशीचे अभ्रे, पिशव्या, परकराची सरळ शिवण यासाठी उत्तम, पोरांना शिकवायला तर त्याहून उत्तम. ब्लाउजचा गळा आणि बाही जोडायची असेल तर पायमशीनच, दोन्ही हात मोकळे पाहिजेत. गोधडीचे चार-पाच थर पण पायावर निवांत जातात. पिको मात्र यातल्या कशावरच होणार नाही, सरळ टाका एवढंच हिचं काम.

पायाच्या पट्ट्याचं सांगते, कारण सगळ्यात जास्त वैताग तिथेच. पट्टा गोल चामड्याचा घ्या, मोठ्या चाकावरून टेबलाच्या दोन भोकांतून वर आणून मशीनच्या चाकाच्या खाचेत घाला आणि दोन टोकं जुळवून हाताने ताणून बघा. जरासा ताण असला पाहिजे, तंबोऱ्याच्या तारेसारखा टणक नको, नाहीतर पाय दुखतात आणि मशीन जड होते. एका टोकाला टोच्याने भोक पाडा, तारेची क्लिप घाला, पक्कडीने दाबा, मग दुसऱ्या टोकाची लांबी ठरवा आणि थोडं जास्तच ठेवून कापा. नवा पट्टा पहिल्या काही दिवसांत लांबतोच, तेव्हा परत थोडा कापायचा, म्हणून आधीच आखूड कापून टाकू नका. क्लिपचं टोक बाहेर आलं असेल तर चाकावर टक-टक आवाज येतो, पक्कडीने आत वळवा. पायडलच्या दोन्ही टोकांना, दांड्याच्या वरच्या-खालच्या सांध्याला आणि मोठ्या चाकाच्या आसाला तेल. रबराचे पट्टे पण मिळतात, ते चालतात, पण उन्हाळ्यात घसरतात असा माझा अनुभव.

चालवायला शिकताना दोरा घालूच नका. मधला नट ढिला करा म्हणजे सुई हलणार नाही, आणि नुसतं पायडल मारा. एक पाऊल थोडं पुढे, एक मागे, पुढच्याची टाच आणि मागच्याचा चवडा आळीपाळीने. सुरुवात उजव्या हाताने चाक स्वतःकडे ओढून द्यायची, लगेच पायाने पकडायचं. चाक उलटं फिरलं की थांबा. हे अंगात बसलं की नट घट्ट करा, कागदावर बिनदोऱ्याच्या सरळ रेषा मारा, मग दोरा. टाका खाली गुंतत असेल तर आधी टेन्शनशी, म्हणजे दोऱ्याच्या ताणाशी, खेळू नका, सुई बघा. सुईला एका बाजूला लांब खाच असते, दोरा त्या खाचेच्या बाजूनेच आत जायला पाहिजे, आणि सुई क्लॅम्पमध्ये वरपर्यंत टेकलेली पाहिजे. दोरा घालताना दाबपट्टी वर ठेवा म्हणजे टेन्शनच्या चकत्या उघड्या राहतात.

पावसाळ्यात खाडीच्या बाजूला राहत असाल, ऐरोली, कळवा, नेरूळ, तर सुईची पट्टी आणि दाबपट्टीची दांडी दोन-तीन दिवसांत गंजायला लागते. तेलाचं फडकं फिरवत जा आणि प्लास्टिकचं कव्हर घालून बंद करू नका, आत दमट राहतं, जुनी सुती साडी टाका. आणि रात्री शिवायची सवय असेल तर स्टँडच्या चारही पायांखाली रबराचे तुकडे घाला, खालच्या मजल्यावरच्यांना आवाजापेक्षा ती थरथरच जास्त जाणवते.