कुमार गटातला ढाण्या वाघ मॅटवर का ढेपाळतो? कबड्डीपटू पारखताना या चुका टाळा

जत्रेच्या मैदानावर पोरगं एका सामन्यात वीस गुण काढतं, चौकात फ्लेक्स लागतो आणि ‘हे आता प्रो कबड्डीत जाणार’ असं गाव ठरवून टाकतं. दोन वर्षांनी तेच पोरगं वरिष्ठ गटात मॅटवर उतरतं आणि सामन्याला दोन-तीन गुणांवर अडकतं. मग दोष कधी संगतीला, कधी नशिबाला. बहुतेक वेळा खरी गफलत आधीच, पारखताना झालेली असते. गुण किती निघाले हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं, ते कसे निघाले हे कुणी लिहून ठेवलेलं नसतं. क्रीडाशिक्षक, तालुक्याचे प्रशिक्षक आणि पालक यांच्या नजरेतून जे हमखास सुटतं, ते इथं मांडलं आहे.

गुणांच्या बेरजेवर भुलणं

समजा, एका चढाईपटूनं १४ गुण घेतले. त्याची फोड अशी निघाली : पाच बोनस (समोरच्या हद्दीतल्या बोनस रेषेपलीकडं पाय टेकून मिळणारे गुण), चार गुण समोरचे गडी साखळी सोडून अंगावर धावून आले किंवा स्वतःच रेषेबाहेर गेले म्हणून, तीन गुण समोर दोन-तीनच गडी उरले असताना, आणि दोन गुण सहा-सात गडी जाग्यावर असताना हात किंवा पाय लावून. वरच्या पातळीवर भरवसा धरावा असे गुण शेवटचे दोन. वरिष्ठ संघाचा बचाव फुकट गुण देत नाही. तिथं तीन गडी उरले की ते घाबरून मागं पळण्याऐवजी अव्वल पकडीसाठी टपून बसतात, कारण तीन किंवा त्याहून कमी गडी असताना पकड झाली की एक गुण जादा मिळतो.

बोनसला कमी लेखू नका, पण तो कसा घेतला ते बघा. बोनस समोर सहा किंवा सात गडी असतानाच मिळतो आणि पुढचा पाय रेषेपलीकडं टेकताना मागचा पाय हवेत असावा लागतो. म्हणजे त्या क्षणी पोरगं एका पायावर उभं असतं. कुमार गटातला कोपरा (साखळीच्या टोकाला उभा राहणारा बचावपटू) तेवढ्यात झेपावत नाही, वरिष्ठ गटातला घोटा धरतो. म्हणून बोनस घेतल्यानंतरचं पहिलं पाऊल पाहायचं. पाय टेकताच कंबर मध्यरेषेकडं वळलेली असेल तर पोरगं शिकलेलं आहे. छाती कोपऱ्याकडंच राहिली असेल तर ते वर गेल्यावर पहिल्या आठवड्यात सापडेल.

यासाठी साधी शंभर पानी वही पुरते. प्रत्येक चढाईपुढं चार नोंदी करा : समोर किती गडी, चढाई कितवी (पहिली, दुसरी की तिसरी), गुण कशानं मिळाला किंवा गेला, आणि त्या वेळी गुणफरक किती होता. असे निदान तीन सामने लिहा आणि त्यातला एक तरी तगड्या संघाविरुद्धचा असू द्या. फक्त अंतिम सामना पाहून मत बनवणारे फार आहेत. त्यांना थकलेलं पोरगं दिसतं किंवा पेटलेलं, रोजचं दिसत नाही.

रिकामी चढाई म्हणजे वाया, असं समजणं

गावात रिकाम्या हातानं परतणाऱ्याला शिट्ट्या पडतात. व्यावसायिक कबड्डीत मात्र संघाच्या सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीला गुण घ्यावाच लागतो, नाहीतर गडी बाद. त्यामुळं पहिल्या दोन चढायांत समोरच्यांना हलवून, दमवून, वेळ काढून सुखरूप परत येणं हेही कामच असतं. १ मार्च २०२४ ला पुणेरी पलटणनं हरियाणा स्टीलर्सला हरवून प्रो कबड्डीचा दहावा हंगाम जिंकला तो २८-२५ असा. चाळीस मिनिटांत दोन्ही संघांचे मिळून ५३ गुण. एवढ्या तंग सामन्यात प्रत्येक चढाईला अंगावर जाणारं पोरगं संघाला परवडत नाही.

तेव्हा तिसऱ्या चढाईचं पान वेगळं काढा. तिथं पोरगं तीस सेकंदांतली पहिली वीस कशी घालवतं? शेवटच्या पाच सेकंदांत आंधळी उडी मारतं, की आधीच एक गडी हेरून त्याच्यावर दोनदा फसवा हात टाकून तिसऱ्यांदा खरा टाकतं? हेरून खेळणारा कमी गुणांचा असला तरी त्याच्यावर जास्त लक्ष ठेवा.

वय आणि वजन : सगळ्यात मोठा चकवा

किशोर गट १६ वर्षं आणि ५५ किलोपर्यंत, कुमार गट २० वर्षं आणि ७० किलोपर्यंत, वरिष्ठ पुरुष ८५ किलोपर्यंत. कुमार गटात ६९ किलोचं पोरगं सगळ्यांना ओढत मध्यरेषेवर येतं. वरिष्ठ गटात त्याच्या पायाला ८० किलोचा गडी लटकतो आणि दुसरा पाठीवर येतो. ज्याचे निम्मे गुण झटापटीतून, म्हणजे पकड झाल्यावर ओढून आणलेले असतील, त्याच्या भवितव्याबद्दल हात राखूनच बोलावं.

त्यातही कागदावरचं वय. आपल्याकडं शाळेत नाव घालताना गुरुजींनी अंदाजे टाकलेली जूनमधली जन्मतारीख ही काही नवलाची गोष्ट नाही. सोळाव्या वर्षी दाढी, भरलेली मान आणि थांबलेली उंची दिसली तर पोरगं आधी वाढून गेलं आहे असं धरा. त्याचं आजचं वर्चस्व समवयस्क वाढले की आटतं. उलट बारीक अंगाचं, मोठ्या पंजाचं, वर्षात दोन इंच उंच झालेलं पोरगं आज मार खात असेल तर घाईनं काढून टाकू नका. घरी जाऊन बाप, मामा, थोरला भाऊ यांच्या उंचीवर नजर टाकली तरी बराच अंदाज येतो.

वजन उतरवून खेळणारं पोरगं ओळखता आलं पाहिजे. चार किलो उतरवण्यासाठी दोन दिवस पाणी तोडणं, उन्हात स्वेटर घालून पळणं हे प्रकार सर्रास चालतात, आणि आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते जिवावर बेततात. अशा पोराचा पहिल्या दिवशीचा खेळ मोजूच नका. ओठ सुकलेले, पोटऱ्यांत गोळे, उत्तरार्धात पाय जड दिसले तर ‘दम नाही’ असा शिक्का मारण्याआधी त्याला चार दिवस पोटभर भाकरी-वरण खाऊ घालून पुन्हा बघा.

खरा प्रश्न असा : सत्तरवरून अठ्ठ्याहत्तरवर गेल्यावर त्याचे पाय तेवढेच चालतील का? याची एक सोपी चाचणी आहे. मध्यरेषेपासून निदान रेषा (चढाईत ओलांडावीच लागते ती) ३.७५ मीटरवर आणि बोनस रेषा त्यापुढं एक मीटरवर, म्हणजे एकूण ४.७५ मीटर. मध्यरेषेवरून बोनस रेषेला पाय लावून परत, अशा सहा फेऱ्या, प्रत्येक फेरीनंतर तीस सेकंद थांबा. पहिली आणि सहावी फेरी फोनच्या स्टॉपवॉचवर मोजा आणि वजनासकट लिहून ठेवा. दर दोन महिन्यांनी तेच करा. वजन वाढूनही पहिल्या फेरीची वेळ टिकली तर वाढ कामाची आहे. पहिली टिकली पण सहावी घसरली तर दम कमी पडतोय. दोन्ही घसरल्या तर नुसतं अंग सुटलंय. महिन्याला अर्धा ते एक किलो ही चाल ठीक. त्यापेक्षा घाई करून पावडरचे डबे रिचवायला लावू नका.

माती आणि मॅट एकच धरणं

मातीत अनवाणी पाय घसरतो आणि तो घसरणारा पायच पोराला वाचवतो : पकड बसता बसता ते सरकून निघतं. मॅटवर बूट पकडून ठेवतो. मातीतली सवय घेऊन पोरगं टाच रोवून गर्रकन वळतं, बूट जागचा हलत नाही आणि वळण गुडघ्यावर येतं. गुडघ्याच्या दुखापतींना इथंच निमंत्रण मिळतं. म्हणून पारख मॅटवरच करायची, आणि तीही पहिल्या दिवशी नाही. बूट घालून तीन-चार आठवडे सराव झाल्यावर बघा. वळताना पोरगं आधी दोन छोटी पावलं टाकून वेग मोडतं का, हे मुख्य. जोडमॅटचे सांधे उघडे असतील तर बुटाचं टोक अडकतं. चाचणीआधी सगळ्या मॅटवरून एकदा चालून सांधे ठोकून घ्या.

पकडीच्या खेळाडूला शेवटी बघणं

निवडीच्या वेळी चढाईपटू आधी भरले जातात, कोपरे उरलेल्यांतून. हे उलट आहे. इराणच्या फझल अत्राचलीसारखा डाव्या कोपऱ्याचा माणूस संघाचा कणा होतो, कारण उजव्या हाताचे चढाईपटू साधारण त्याच बाजूला झुकतात.

कुमार गटात सामन्याला पाच पकडी करणारा कोपरारक्षक पाहिला की विचारा, फसलेल्या किती? चढाईपटूचा पाय जवळ आलेला नसताना पुढं झेप घेणारा कुमार गटात चालून जातो. वरिष्ठ गटात त्याच्या अंगावरून उडी मारून चढाईपटू पसार होतो. चांगल्याची खूण म्हणजे तो सामन्यातला बराच वेळ काहीच करत नाही : साखळीतला हात न सोडता, गुडघे वाकवून, चढाईपटूच्या तोंडाकडं न बघता कमरेकडं बघत सरकत राहतो. घोटा धरताना दोन्ही हातांची कडी बसते का आणि डोकं पायाच्या बाहेरच्या बाजूला असतं का, हेही पाहा. डोकं समोर ठेवणाऱ्याला गुडघा लागतो. आणि पकड झाल्यावर मध्यरक्षक (साखळीच्या मधल्या जागेवरचा बचावपटू) किती लवकर अंगावर येतो ते वेगळं लिहा. तो उशिरा येत असेल तर कोपऱ्याच्या फसलेल्या पकडीचा दोष एकट्या कोपऱ्याचा नाही.

हंगाम न बघता निकाल देणं

बीड आणि आसपासच्या तालुक्यांत बरीच पोरं दिवाळीच्या सुमारास आईबापांसोबत ऊसतोडीला जातात आणि उन्हाळ्याच्या तोंडाला परततात. परतल्यावर अंगात ताकद असते, पण पाच-सहा महिने मैदान बंद असल्यानं अंदाज चुकतो, दम तुटतो. एप्रिलमधल्या चाचणीत असं पोरगं मागं पडणारच. त्याची नोंद ‘नापास’ न करता ‘जुलैत पुन्हा’ अशी करा, आणि तोवर आठवड्याला चार दिवस मॅट मिळेल एवढं बघा.

सामना फोनवर टिपायचा तर फोन अंतिम रेषेच्या कोपऱ्यामागं, माणसाच्या डोक्याहून हातभर वर बांधा. बाजूनं घेतलेल्या चित्रणात चढाईपटू दिसतो, कोपऱ्याचे पाय दिसत नाहीत.