डिस्क लावली, पण लिनक्स सुरू होईना? आधी कुठं अडलंय ते बघा

सांगलीत विश्रामबागला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तेव्हापासून चांगली चालणारी, पण विंडोज ११ च्या अटीत न बसणारी मशीनं घेऊन लोक विचारायला येतात. मी त्यांना लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी सिस्टिम, आधी नुसतं चालवून बघा म्हणतो. ते डिस्कवरूनच चालू होतं, हार्ड डिस्कला हात लागत नाही. मग घरी डीव्हीडी किंवा पेन ड्राइव्ह तयार होतो आणि फोन येतो, "दादा, मशीन घेईना." बहुतेक वेळा मशीन निर्दोष असतं. थेट विंडोजच उघडलं, मेनू येऊन पुढं अडलं, की डेस्कटॉप येऊन काहीतरी चालेना? एवढं नीट सांगितलंत की निम्मं काम फोनवरच होतं.

थेट विंडोज उघडत असेल, तर तीच डिस्क विंडोजमध्ये उघडून बघा. आत एकच मोठी आयएसओ फाइल (डाउनलोड केलेली मिंटची फाइल) दिसली तर ती नुसती कॉपी झालीये. अशी डिस्क कधीच बूट होणार नाही, म्हणजे तिच्यावरून मशीन सुरू होणार नाही. आत 'बूट', 'कॅस्पर', 'ईएफआय' असे फोल्डर दिसायला हवेत. डीव्हीडीसाठी आयएसओवर राइट क्लिक करून 'बर्न डिस्क इमेज' निवडा. सीडीवर ७०० एमबीच मावतात, त्यामुळे डीव्हीडीच लागते. पेन ड्राइव्ह ८ जीबीचा घ्या आणि त्यावर आयएसओ लिहायला रुफस किंवा बलेना एचर हे सॉफ्टवेअर वापरा. त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं, हे लक्षात ठेवा. एचरनं काम झाल्यावर विंडोज 'फॉरमॅट करायचं का' विचारतं, तिथं कॅन्सल करा.

फाइल पूर्ण उतरलीये का, हेही तपासा. पावसाळ्यात लाइट जाते, राउटर बंद पडतो आणि डाउनलोड मधेच तुटतं. सेव्हन-झिप बसवलं की राइट क्लिकच्या मेनूत एसएचए-२५६, म्हणजे त्या फाइलचा ठसा, काढता येतो. ती ६४ अक्षरं मिंटच्या साइटवर दिलेल्या अक्षरांशी जुळली पाहिजेत. फाइल खराब उतरलीये का एवढंच बघायचं असेल, तर पहिली आठ आणि शेवटची आठ जुळवली तरी चालतं.

डिस्क ठीक असेल तर बूट मेनूची, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं त्या यादीची, की बघा. डेल, लेनोवो यांना सहसा एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, असुसच्या लॅपटॉपला एस्केप. एसरला एफ१२ असतं, पण काही मॉडेलांत ते आधी बायोसमध्ये (मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) चालू करावं लागतं. मशीन शट डाउन करून नाही, तर रीस्टार्ट करून की दाबत राहा. विंडोजच्या फास्ट स्टार्टअपमुळे शट डाउन पूर्ण होत नाही, रीस्टार्ट मात्र पूर्ण होतो. की सापडतच नसेल तर शिफ्ट दाबून धरून रीस्टार्टवर क्लिक करा. नव्या मशीनवर 'यूज अ डिव्हाइस' येतं, त्यातून पेन ड्राइव्ह निवडता येतो. एकच पेन ड्राइव्ह यादीत दोनदा दिसला तर गोंधळू नका. विंडोजच्या 'सिस्टिम इन्फर्मेशन'मध्ये 'बायोस मोड' बघा. तिथं यूईएफआय लिहिलं असेल तर यादीतलंही यूईएफआय लिहिलेलंच निवडा.

आता जरा थांबून वाचा. सिक्युअर बूट, म्हणजे अनोळखी सिस्टिम सुरू होऊ न देणारी सोय, अडवत असेल तर बायोसमध्ये जाऊन ते बंद करा, असं जो तो सांगतो. त्याआधी विंडोजमध्ये बिटलॉकर, म्हणजे हार्ड डिस्कचं कुलूप, चालू आहे का ते बघा. चालू असेल आणि तुम्ही सिक्युअर बूट बदललंत, तर पुढच्या वेळी विंडोज ४८ आकडी रिकव्हरी की मागू शकतं. ती नसेल तर तुमचा डेटा तुम्हालाच उघडता येणार नाही. बऱ्याच नव्या लॅपटॉपवर हे मालकाला न कळताच चालू असतं. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये जाऊन ती की शोधा, कागदावर लिहा, मगच बायोसला हात लावा. अक्षर सुवाच्य काढा. यात मी कुणालाही सूट देत नाही.

मेनू आला, लोगो आला आणि पुढं 'स्क्वॅशएफएस एरर'च्या ओळी धावायला लागल्या, तर डिस्कवरचं नीट वाचलं जात नाहीये. मिंटच्या मेनूत 'इंटिग्रिटी चेक' आहे, तो आधी चालवा. डीव्हीडी असेल तर ती ४एक्स किंवा ८एक्स वेगानं परत बर्न करा आणि दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. मार्केट यार्डात हळदीच्या आडतीवरची मशीनं येतात, त्यांच्या ड्राइव्हच्या लेन्सवर बारीक पिवळा थर असतो. तिथं कितीही डिस्का बदला, उपयोग होत नाही. लॅपटॉपचा ट्रे बाहेर ओढला की लेन्स समोरच दिसते. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये अगदी थोडा भिजवलेला कापसाचा बोळा अलगद फिरवा, वाळू द्या. डेस्कटॉपचा ड्राइव्ह उघडत बसण्यापेक्षा पेन ड्राइव्हच वापरा आणि तो मागच्या बाजूला, थेट मदरबोर्डच्या पोर्टला लावा. पुढच्या पोर्टची वायर बऱ्याचदा ढिली असते. 'लाइव्ह फाइल सिस्टिम सापडत नाही' असा संदेश आला, तरी पहिला उपाय पोर्ट बदलण्याचाच. निळ्या पोर्टातून काढून काळ्यात लावा.

'एक्स८६-६४ सीपीयू हवा' असं लिहून आलं तर प्रोसेसर ३२ बिटचा आहे. मिंट २० पासून पुढचं त्यावर चालत नाही. अशा मशीनला अँटीएक्स या दुसऱ्या लिनक्सची ३२ बिट आवृत्ती द्या. लोगोनंतर स्क्रीन काळीच राहिली तर दोष बहुधा ग्राफिक्सचा. मेनूतून 'कम्पॅटिबिलिटी मोड' निवडा.

डेस्कटॉप आला, पण वायफाय दिसेना? काही चिपना, विशेषतः ब्रॉडकॉमच्या, वेगळा ड्रायव्हर लागतो. फोन केबलनं जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा आणि 'ड्रायव्हर मॅनेजर' उघडा. डीव्हीडीवरून सगळं संथ चालतं, त्यावरून लिनक्सला संथ ठरवू नका. हार्ड डिस्कवर बसल्यावर तेच मशीन कितीतरी हलकं होतं, हे मी रोज बघतो आणि दर वेळी बरं वाटतं.

त्याच डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असा आयकॉन आहे. तो दाबेपर्यंत तुमच्या विंडोजला धक्का लागत नाही. पुढं 'इरेज डिस्क' निवडलंत तर विंडोजसकट सगळं जातं. ऑगस्ट २०१९ च्या पुरानंतर चिखलात भिजलेल्या हार्ड डिस्का घेऊन माणसं आली होती. मुलांचे लहानपणचे फोटो, शेताचे कागद, सगळं त्या एकाच ठिकाणी. तेव्हा आयकॉन दाबण्याआधी सगळं दुसऱ्या हार्ड डिस्कवर कॉपी करा आणि त्यातल्या दोन-चार फाइली दुसऱ्या मशीनवर उघडून बघा.