सिलिका कंपाउंड शिकताय? मग सायलेन आधी नीट समजून घ्या

केमिकलची डिग्री घेऊन टायर कंपाउंडच्या (रबर आणि इतर घटकांच्या मिश्रणाच्या) लॅबमध्ये लागले तेव्हा मला वाटायचं सिलिका म्हणजे पांढरं कार्बन ब्लॅक (रबराला मजबुती देणारी काळी पूड), तसंच घालायचं आणि मिक्स करायचं. तसं अजिबात नाहीये. सिलिकाच्या कणांवर सायलेनॉल (Si-OH) ग्रुप असतात, त्यामुळे ते कण रबराला सोडून एकमेकांनाच चिकटतात, कंपाउंड घट्ट होतं, मूनी (कच्च्या कंपाउंडचा घट्टपणा मोजणारा आकडा) चढते, वर क्युअर वेगात करणारं ॲक्सिलरेटरही सिलिका शोषून घेते आणि क्युअर (गंधकाने रबर पक्कं होणं) रखडतो. यावर उपाय म्हणजे सायलेन, सिलिका आणि रबर जोडणारं केमिकल: त्याचं एक टोक सिलिकाला धरतं आणि दुसरं, गंधकाचं टोक क्युअरिंगच्या वेळी रबराला.

माझी पहिली मोठी चूक सांगते. सिलिका 80 पीएचआर (100 भाग रबरामागे 80 भाग) होती, सिलिकाच्या 8 टक्के टीईएसपीटी (नेहमी वापरलं जाणारं एक सायलेन) धरलं म्हणजे 6.4 पीएचआर, हिशोब अगदी बरोबर. पण स्टोअरमधून आलेलं सायलेन काळ्या दाण्यांचं होतं, त्यात निम्मं कार्बन ब्लॅक असतं, म्हणजे 12.8 तोलायला हवं होतं आणि मी तोललं 6.4च. मिलवर शीट खरबरीत, कडा फाटलेल्या, रिओमीटरवर (क्युअर होताना रबराचा टॉर्क मोजणारं यंत्र) मिनिमम टॉर्क वर, 300 टक्के मॉड्युलस (300 टक्के ताणायला लागणारा जोर) पडलेला, ॲब्रेजन लॉस (घासून होणारी झीज) जास्त. दोन दिवस मी क्युअर सिस्टीममध्येच चूक शोधत बसले, शेवटी सीनियर म्हणाले, "अगं, पिशवीवरचं लेबल वाचलंस का?"

दुसरं म्हणजे मिक्सरमध्ये नुसतं मिक्सिंग होत नाही, रिॲक्शन होते, आणि हे मला कुणी कॉलेजात सांगितलं असतं तर फार बरं झालं असतं. टीईएसपीटी असेल तर साधारण 145 ते 150 डिग्रीला दोन-तीन मिनिटं धरायचं, टेम्परेचर पळायला लागलं की रोटर स्पीड कमी करायचा. कमी तापलं तर सायलेन सिलिकाला नीट लागत नाही, 160च्या वर गेलं की त्यातलं गंधक सुटून रबर मिक्सरमध्येच क्रॉसलिंक व्हायला लागतं. डायसल्फाइड सायलेन (ज्यात गंधकाची साखळी छोटी असते) जरा जास्त उष्णता सोसतं. रिॲक्शन चालू असताना इथेनॉल बाहेर पडतं, डम्प करताना (मिक्सरमधून कंपाउंड बाहेर काढताना) स्पिरिटसारखा वास येतो तो त्याचाच, त्यामुळे एक्झॉस्ट चालू हवाच, आणि ते कंपाउंडमध्ये अडकलं तर एक्स्ट्रुजनला बारीक भोकं दिसतात. झिंक ऑक्साइड शक्यतो पुढच्या स्टेजला घाला, ते सायलेनच्या कामात मध्ये येतं. डीपीजी (सिलिकाच्या कंपाउंडमध्ये जोडीला घालायचं ॲक्सिलरेटर) मात्र विसरू नका.

एवढा खटाटोप कशासाठी? मिशेलिनने 1990च्या दशकाच्या सुरुवातीला सोल्युशन एसबीआर (एक कृत्रिम रबर), सिलिका आणि सायलेन एकत्र आणून रोलिंग रेझिस्टन्स (टायर फिरताना वाया जाणारी ऊर्जा) उतरवला, तोही ओल्या रस्त्यावरची पकड न घालवता. लॅबमध्ये हे टॅन डेल्टावर (रबर हलताना किती ऊर्जा उष्णतेत जाते त्याचं माप) दिसतं, 60 डिग्रीला कमी हवा आणि 0 डिग्रीला जास्त.

नवीन असाल तर एकच फॉर्म्युला घ्या, सायलेन शून्य, निम्मं आणि पूर्ण अशा तीन बॅच काढा आणि तिन्हींचे रिओमीटर ग्राफ एकावर एक ठेवून बघा. मी ते तीन ग्राफ अजून डायरीत चिकटवून ठेवलेत.